एका नावाच्या दोघी

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, ग्रंथालयातील माझे सहकारी आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या सूचीताई,

मी संगणक विभागातला माणूस. माईक हातात आला की माझी बोबडी वळते.

चित्रकलेवर कुणी, कधी, कुठे काय लिहिलं, याची सूची ताईंनी एकतीस वर्षं केली. अलीकडे आम्ही ती सर्वांना खुली केली, जगभरच्या ग्रंथालयांच्या सूचींशी जोडली. इथली नोंद बदलली की तिकडे आपोआप बदलते. ताई म्हणायच्या, "म्हणजे इथे शिंकलं की तिकडे सर्दी."

त्या सूचीत ताईंच्या लेकीचा एकच लेख आहे, व्यक्तिचित्रांत रंगवलेल्या हातांवर. तो छापून आला आणि चार महिन्यांत ती आजारपणात गेली. ताई रोज सकाळी पर्स टेबलावर ठेवून आधी तिची नोंद उघडायच्या. मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर, असं आता म्हणून काय उपयोग?

त्याच नावाच्या एक प्राध्यापिका आहेत, त्यांचे शंभरावर लेख. मला वाटलं, व्यक्ती एकच. मी दोन्ही नोंदी एकत्र केल्या आणि काम उरकल्याच्या आनंदात चहाला गेलो. दुसऱ्या दिवशी ताई माझ्या टेबलाशी आल्या. आवाज चढवला नाही. "अरे, माझी मुलगी दिसत नाहीये," एवढंच म्हणाल्या.

आपल्याकडच्या दोन्ही नोंदी मी लगेच पुन्हा वेगळ्या केल्या. पण तोवर अकरा ग्रंथालयांत तो लेख प्राध्यापिकाबाईंच्या नावावर चढला होता, आणि एकदा एकत्र झालेलं तिकडे आपोआप सुटत नाही. ताईंनी दोन वर्षं पत्रं लिहिली. प्रत्येकात कारण एकच, 'संगणकाचा घोळ'. खरं तर नोंद कुणी बदलली ते सूचीत कायम राहतं. ताईंना माझं नाव पहिल्याच दिवशी दिसलं होतं. त्या कुणाकडे बोलल्या नाहीत आणि मीही मूग गिळून बसलो.

दहा ग्रंथालयांनी दुरुस्ती केली. अकरावं अजून उत्तर देत नाही, आणि ताई ज्यावरून पत्रं पाठवायच्या ते त्यांचं इथलं ईमेल खातं आज संध्याकाळी बंद होईल. उद्या ते पत्र मी लिहीन. त्यात संगणकाला बोल नसेल.

मला बोलू दिलंत, आपल्या सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. ती एक चूक मात्र सभागृहाने पोटात घालून भागणार नाही.

ताई, तुमच्या मुलीचं नाव मी पुसलं होतं. मला माफ करा.