रिकामं फडकं, नावासकट

माननीय अध्यक्ष प्राचार्य भाऊसो मोहिते, व्यासपीठावरील पाहुणे, आपल्या सांगलीच्या कॉलेजातील सहकारी आणि विद्यार्थी हो. मागच्यांनी खुर्च्या ओढू नयेत. मी थोडंच बोलणार आहे.

आपल्या संगणक-खोलीतले माझे सहकारी नाथाजीराव पिसाळ उद्या हैदराबादला नव्या नोकरीवर निघाले. तिथं मोठा संगणक आहे. आपल्या लहान संगणकावर आम्ही दोघांनी एक शेल लिहायला घेतलं. टाइप केलेली आज्ञा ऐकून एका प्रोग्रॅमचं काम दुसऱ्याच्या हाती देणारा मध्यस्थ म्हणा. ते अर्धं राहिलं आहे.

गणिताच्या बाईंना हा उद्योग कशाला? सांगते. एक प्रोग्रॅम निकालाच्या ओळी छापायचा, दुसरा त्या अक्षरं मोजून वाचायचा. आटपाडीच्या एका मुलाचं आडनाव लांब निघालं, त्याचे गुण पुढं सरकले, आणि वर्गात पहिला आलेला तोच मुलगा संगणकानं नापास केला. तेव्हा ठरलं, नुसती ओळ द्यायची नाही. प्रत्येक रकाना आपल्या नावासकट पुढं जाईल.

भांडण झालं रिकाम्या रकान्यावरून. ज्यात काहीच नाही, ते कशाला वाहायचं? मी काढून टाकायला सांगितलं. नाथाजीराव ऐकेनात. त्यांच्या कोरेगावाकडच्या गावातली बरीच मुलं एकाच पलटणीत. रजा संपवून परतणारा जवान घरोघरची गाठोडी नेतो, प्रत्येकावर नाव. ज्या घरी द्यायला काही नसतं, तेही नाव घालून रिकामं फडकं बांधतं. त्याचा उपयोग काय, असं मी जरा तोडूनच विचारलं. एकाहत्तरच्या लढाईत ते स्वतः लष्कराच्या सिग्नल दलात होते. म्हणाले, "त्या साली मला रिकामंच आलं. बाई, न येणं आन् रिकामं येणं, यात लय फरक हाय."

रकाना राहिला.

त्यांना इथल्या कामातून सोडता येईल का, असं प्राचार्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. मोठं यंत्र त्यांना मिळायलाच हवं. संध्याकाळी संगणकाच्या टेलिटाइपची टंकनाची खडखड थांबली की "आता बोला, बाई" असं समोरून कोण म्हणेल, याचा विचार मी सभेपुढं करणार नाही.

नाथाजीराव, आपलं अर्धं शेल ज्यावर भोकं पाडून उतरवलंय, ती कागदी फीत या फडक्यात बांधली आहे. वर चिठ्ठी आहे. कोणाकडून, कोणाला, हे लिहिलं आहे. तिसरा रकाना, परत कधी. त्यात काही नाही. पण तो मी काढलेला नाही.

सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला. बोलायचं राहिलं असेल, तर त्याची जागा तेवढी राहू द्या.