तीर्थात गेलेल्या अकरा चिपा

नाई जी सायेब, उठू नका, बसा — चारुता तुमाले घ्याले टेसनवर गेली आन तुमी दुसऱ्या दरवाज्यातून आटो धरून घरी टपकले, म्हंजे पोरगी येईस्तोवर टाइम हाय आपल्यापाशी. मी खुशालराव, तिचा बाप. रिटायर मास्तर — विज्ञानाचा, हसू नका. तिची ते मधाची चिप पाहाले, तिची पीएचडीची परीक्षा घ्याले पुण्याहून आले न तुमी? त मंग आधी माझं ऐका.

चिपा फ्रिजमंदी होत्या. होत्या म्हंजे — काल सांजपर्यंत होत्या. डब्यात काचेचे बारा तुकडे, एकेकावर वाळवलेल्या मधाचा थर, वरून चांदीच्या बारीक तारा. तिनं मले समजावून सांगतलं — बाबा, करंट देला का हे शिकते, पुन्हा पुन्हा देला का पक्कं ध्यानात ठेवते, नाई देला त भुलते, मानसाच्या मेंदूवानी. आन काम झालं का पान्यात इरघळते, कचरा नाई, काई नाई. हे तिचेच बोल हायेत, लिहून घ्या! मंग दुधात इरघळल्या त त्यात माझं काय चुकलं?

त झालं असं — काल सत्यनारायन ठेवला. काहून? त ह्याच परीक्षेसाठी! चिप चालू दे बापा, म्हनून. चारुता कागदं आनाले अमरावतीले गेलती, रातच्याले उशिरा आली, आन आज फ्रिज उघडाच्या आधीच टेसनवर पळाली. सहदेव महाराज पाटावर बसले, सारी गल्ली जमली, आन महाराज म्हनते, पंचामृतात मध नाई. दूध हाय, दही हाय, तूप हाय, साखर हाय — मध नाई! मी फ्रिज उघडला. कोमट दुधात एकेक चिप बुडवली, बोटानं पुसली, तारा चिमट्यानं काढल्या — तेवढं विज्ञान कळते मले. तेवीस जनाइनं तीर्थ घेतलं. आन आमचा शेजारी नत्थुजी, ज्याले सकाळी काय खाल्लं ते दुपारी याद नाई, तो वाटी चाटून म्हनते, खुशालराव, तुमची शिडी बारा वर्सापासून माझ्याघरी हाय! लगेच आनूनही देली. आता बोला! परीक्षाच घ्याची त नत्थुजीले तारा लावा ना, तो नाई म्हननार नाई.

काय? दुकान? हो… कोपऱ्यावरचं दुकान उघडं होतं. आन — हो जी, मधाची बाटलीही होती. फ्रिजमंदीच, डब्याच्या बाजूले. असे काहून पाहून राहिले? पास झाली का ते पुढच्या संशोधनाले कोरियाले चालली, पाच वर्स! तिची माय गेल्यापासून ह्या घरात आमी दोघंच. चार महिने झाले, कालपर्यंत रोज सकाळी अमरावतीच्या गाडीच्या आधी बारातल्या एका चिपेले शिकवून राहिलती — करंट द्याचा, लिहाचं, पुन्हा करंट द्याचा, पुन्हा लिहाचं. मले विचारलं का कधी, बाबा गोळी घेतली का? विचारलं. खोटं काहून बोलू, रोज विचारलं. तिकडं गेल्यावर मले कोन विचारीन, सांगा तुमी?

अकराच टाकल्या मी. बारावी नाई टाकली — ते शिकवलेली. हात दुधापर्यंत गेला आन थांबला. तीस वर्स पोट्टे शिकवले सायेब, शिकलेलं पुसाले जीव नाई झाला माझा. हे पाहा, चष्म्याच्या डब्यात हाय. घ्या. नाई, थांबा जरा… घ्या म्हनतो ना, धरा, माझ्या हातात नका ठेवू! स्कूटी आली पाहा. खिशात टाका तुमी.

ये वं चारुता, ये. सायेब कवाचेच येऊन बसले. अवं, फ्रिज नको उघडू. नको उघडू म्हनलं ना — आधी माझ्याकडं पाह्य. सायेब, तुमी जरा भाईर आंगनात बसता का?