चित्राले कायचा दम?

माह्या आईले सिनेमातलं काई समजत नाई, असं कोनी म्हन्लं तर त्याले माह्याकडं पाठवजा. मागं राजकन्येचा एक जुना कार्टून सिनेमा खरे माणसं घेऊन नव्यानं आलता. पोरीनं हट्ट धरला, म्हणून आम्ही तिघं पिपरी मेघेहून दुपारच्या खेळाले शहरात गेलतो. इंटरवलले एक चष्मेवाला मोबाईल धरून सगळ्याइले मत विचारून राह्यलता. कोनी म्हणे, कार्टूनच बरं होतं. कोनी म्हणे, कपडे भारी.

आई म्हणे, "गाणं खोटं हाये. पोरगी महालाचा अख्खा जिना गात चढली, अन् तिले दमच नाई लागला."

चष्मेवाला हासला. "आजी, कार्टूनमधी बी असंच होतं."

"चित्राले कायचा दम? आता तर हाडामासाची पोरगी घेतली ना?"

"मंग तुमीच दाखवा गाऊन!" त्यानं मोबाईल वर केला.

मले वाटलं, झाली फजिती. पण हळदीची गाणी गायाले आईले गावोगाव बोलावणं असते. तिनं पदर खोचला अन् बाल्कनीच्या जिन्यावर हळदीचं गाणं धरलं. पाचव्या पायरीपासून ओळ तुटाले लागली. ती थांबे, श्वास घे, अन् सूर जिथं सोडला तिथूनच उचले. समोसे खाणारे लोक जिन्यापाशी जमले. वर पोचली तवा टाळ्या पडल्या. मी बाजूच्या अनोळखी माणसाले सांगून राह्यलो, "माही आई हाये!"

चष्मेवाला खालून ओरडला, "आजी, दम लागला न?"

कठडा धरून आई म्हणे, "लागनच ना, बाप्पा. मी खरी हावो."