जप्ती साहेबांच्या खुर्चीवर

तुम्ही हसाल, पण सरकारवर जप्ती मी आणली आणि घाबरलोही मीच.

माकुणसार गावातली माझी थोडी जमीन रस्त्यात गेली होती. कोर्टाने भरपाई वाढवून दिली, तरी भूसंपादनाच्या कचेरीत गेलं की एकच उत्तर मिळायचं, "वरून निधी आला नाही." शेवटी कोर्टाने त्या कचेरीतलं सामानच जप्त करायचा हुकूम काढला. जप्ती बजावणारा कोर्टाचा बेलिफ मला पालघरच्या त्या कचेरीत थेट साहेबांच्या खोलीत घेऊन गेला.

"बाबा, काय उचलायचं ते बोट दाखवून सांगा. नाहीतर वॉरंट तसंच परत जाईल."

मी बोट उचललं, तर ते नेमकं साहेब बसले होते त्या खुर्चीकडे गेलं.

साहेब उठून उभे राहिले. माझ्यासाठी कुणी साहेब उभा राहिलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

"नको, नको, साहेब, बसा तुमी! मी राहतो उभा."

बेलिफ हसला. "अहो बाबा, दावा तुम्हीच जिंकलाय ना?"

"जिंकलोय रे," मी हळूच म्हणालो, "पण उरलेल्या जमिनीचे कागद अजून यांच्याच हातात हायत."