दोन मिलिमीटर

गॅरेजमध्ये माझ्या स्कूटरचं पंक्चर निघायची वाट बघत होतो. शेजारी एका मोटारीमागे ट्रेलर जोडलेला होता. त्यावर सायकलदुरुस्तीचं फिरतं दुकान. उद्याच्या पहिल्या बाजाराला ते ओढून कोण नेणार, यावरून बापलेकीत जुंपली होती.

“मिस्त्री, मोटारीमागचा हा ट्रेलर जोडायचा गोळा मीच बसवलाय. ट्रेलरचा कप त्यावर छान बसतो. पण ही उगाच शंका काढते. म्हणून म्हणतो, उद्या मीच चालवतो.”

“बसतो हो काका, पण धरतो का? ताई, खिट्टी लावा आणि ट्रेलरच्या टोकाखाली जॅक लावून उचला.”

“उचलते. बाबा, कप सुटून वर आला. मोटार हललीसुद्धा नाही.”

“खिट्टी लावली होतीस ना?”

“तुमच्या डोळ्यांदेखत.”

“काका, कप पन्नास मिलिमीटरचा, गोळा अठ्ठेचाळीसचा. मोठ्या खड्ड्यात दुकान एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.”

“मी नजरेनं माप घेतलं. आयुष्यभर दारं-खिडक्या तशाच बसवल्या.”

“दार रस्त्यावर पळत नाही, बाबा.”

“झालं, जुना काढून हा पन्नासचा गोळा बसवलाय. ताई, पुन्हा उचला.”

“आता मोटारीची मागची बाजूही वर येतेय.”

“म्हणजे धरलं. प्रत्येक वेळी जोडल्यावर हे बघायचं. गोळ्याला ग्रीस लावा, कप सुटलाच तर ट्रेलर धरणाऱ्या या दोन साखळ्या खालून फुलीसारख्या अडकवा. मग, उद्या चालवणार कोण?”

“ही.”

“आणि तुम्ही, बाबा?”

“मी बसनं येतो. माझ्या जागेवर तुझी ट्यूबांची खोकी मावतील.”