आपण आणि आम्ही

आजी : म्हणजे बापाने तुला मला न्यायला पाठवलं आणि तू वही उघडून बसलीस. ताटं कधीची मांडलीत.

नात : पाच मिनिटं, आजी. उद्या कॉलेजात द्यायचंय. नेमकं आजोबांचंच भाषण आलंय, कारखान्याच्या फाटकावरचं. त्या भाषणामुळे तीन हजार माणसं संपात कशी टिकली, ते लिहायचंय.

आजी : मग मॅडम काय म्हणतात?

नात : आवाज. आवेश. म्हणे शब्दांना धार होती.

आजी : डोंबलाची धार! सर्दीने नाक चोंदलेलं त्यांचं. घसा असा बसलेला की मागच्यांना निम्मं ऐकूच गेलं नाही. वाच बघू पहिलं वाक्य.

नात : "आपण उपाशी राहू, पण वाकणार नाही."

आजी : कागदावर काय होतं ठाऊक आहे? "आम्ही उपाशी राहू."

नात : तुला कसं माहीत?

आजी : ह्याच आरशासमोर म्हणून दाखवत होते. मी मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होते. पाय थांबवला आणि विचारलं, "अहो, आम्ही म्हणजे कोण? तुम्ही पाच पुढारी? मग बाकीच्यांनी घरी जाऊन जेवायचं का?" अगं, "आम्ही" म्हटलं की ऐकणारा दाराबाहेर. "आपण" म्हटलं की तो घरातला.

नात : मग बदललं त्यांनी?

आजी : आधी तोंड वाकडं केलं. म्हणाले, "तिसरी पास बाई मला भाषण शिकवते." मग गुपचूप पेन्सिल घेऊन बसले. एकवीस ठिकाणी खोडलं.

नात : हे कुठल्याच पुस्तकात नाही, आजी!

आजी : कोण लिहिणार? मी बायकांत मागे उभी. शेजारणीचं पोर तापाने फणफणलेलं, ती घरी निघालीच होती. पहिलं "आपण" ऐकलं आणि थांबली. तेव्हाच मी ओळखलं, हे टिकतंय.

नात : हे सगळं लिहिते मी. आता बाबांचा निरोप. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, तू आमच्याकडे राहायला यायचं. खोलीही रिकामी केलीय.

आजी : आपटलीस पहिल्याच वाक्याला.

नात : बरं बाई. आपण सगळ्यांनी ठरवलंय...

आजी : हे तर धडधडीत खोटं. मला विचारलं कुणी? मशीन विकली तेव्हाही तुझा बाप हेच म्हणाला. "तुझे डोळे अधू झालेत, आम्ही ठरवलंय."

नात : मग आजोबांचं "आपण" तरी कसं चाललं?

आजी : सात आठवडे माणूस खरंच अर्धपोटी राहिला. लोकांनी गालफडं बघितली त्यांची. नुसता शब्द बदलून भागत नाही गं.

नात : आणि घरी? घरीसुद्धा "आपण" म्हणायचे?

आजी : (आरशाकडे बघत) घरी कुठलं! चाळीस वर्षं दारातून एकच. "मी निघतो, तू जेवून घे." सगळ्या गावाला आपलं केलं त्या माणसाने.

नात : म्हणून तर म्हणते, चल ना. किती दिवस एकटी राहशील?

आजी : एकटी तेव्हाही होते. मशीन खडखडायची, एवढंच. बापाला सांग, स्वतः येऊन बस समोर. ठरवून नको, विचारायला ये. मग बघू.

नात : सांगते. अगं बाई, दोन वाजले! बस चुकली तर हे लिहून व्हायचं नाही. मी निघते, आजी. तू जेवून घे हं.

आजी : आजोबांवर गेलीस हो अगदी. दार ओढून घे.