पोट सोडा

(दुपार. चटया अंथरलेली खोली. सर उताणे झोपलेले, पोटऱ्या खुर्चीवर टेकवलेल्या. त्यांच्या कमरेशी जमिनीवर, आखडलेलं अंग सैल सोडायला शिकवणारी शिक्षिका. दाराजवळ स्टुलावर सरांची बायको. तिला सगळे काकू म्हणतात.)

शिक्षिका : सोडा, पोट सोडा.

सर : सोडलं की.

शिक्षिका : कुठे सोडलंत? मी 'सोडा' म्हटलं की तुम्ही उलट आत घेता.

सर : सवय आहे हो. जन्मभर नाच शिकवला. पोट आत, पाठ ताठ! अशा किती मुली उभ्या केल्या मी.

शिक्षिका : ओळखू येतात मला त्या, रस्त्यातसुद्धा. श्वास घेतला तर कुणी ओरडेल, अशा चालतात.

काकू : घरात तरी काय वेगळं होतं? मी केर काढायला वाकले तरी ह्यांचं आपलं 'पाठ!'

सर : तू गप्प बस गं. बाई, मुद्द्याचं बोलू. रविवारी माझा सत्कार आहे. स्टेजवर मला ताठ उभं राहायचंय, आणि इथे कंबर सरळ होत नाही. तपासण्या झाल्या, फोटो झाले, कशात काही नाही. मुलगा म्हणतो, बाबांचं नाटक आहे.

शिक्षिका : असं म्हणाला?

सर : तोंडावर. दुखतंय माझं मला आणि हा ठरवणार खरं की खोटं!

शिक्षिका : लागलं असेल मनाला.

सर : लागणारच.

शिक्षिका : आता मी बोटं इथे ठेवते, कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला. दाबणार नाही, नुसती वाट बघणार. खूप खोलवर एक स्नायू आहे. कण्यापासून निघतो आणि पोटातून खाली मांडीत उतरतो. माणूस घाबरला की हा आवळतो. सोआस म्हणतात त्याला.

काकू : सोस? तो ह्यांना पहिल्यापासूनच आहे.

शिक्षिका : सोआस, काकू.

काकू : तेच गं. सोस ह्यांचा आणि सोसलं आम्ही.

सर : आई गं! तिथेच. अगदी तिथेच.

शिक्षिका : हो, लागला हाताला. चांगलाच पीळ बसलाय.

काकू : सुंभ जळेल पण हा पीळ जायचा नाही बघ.

सर : ऐकू नका तिचं. निघेल ना?

शिक्षिका : निघेल. रोज आलात तर रविवारी ताठ उभे राहाल.

सर : देव पावला. एवढे मोठे डॉक्टर, पण कुणाला... हात का काढलात?

शिक्षिका : एक विचारायचंय. मांडीत 'कट्' असा आवाज झालेला ऐकलाय कधी?

सर : माझ्या?

शिक्षिका : माझ्या. तुम्ही मला पाय फाकवून जमिनीवर बसवलं होतंत. पाय पुरता टेकेना, म्हणून वरून गुडघा रोवून दाबलात. अख्ख्या वर्गाने तो आवाज ऐकला. मी ओरडले, तर म्हणालात, नाटक करते.

सर : थांब. तू ती... लंगडी?

शिक्षिका : ते नावही तुम्हीच ठेवलंत.

सर : काय गं, तुला ठाऊक होतं?

काकू : मग? बाहेरची पाटी वाचली आणि मुद्दाम हिच्याकडेच आणलं तुम्हाला. तो आवाज आत माझ्या खोलीपर्यंत आला होता. नाटकाला असा आवाज येत नसतो.

सर : अगं, शिकवताना होतं इकडचं तिकडे. तुमच्या भल्यासाठीच ना?

शिक्षिका : मी रडत घरी गेले. आई म्हणाली, सर खोटं कशाला बोलतील? माझी आई, सर. मरेपर्यंत तिला वाटत होतं की मी कामचुकारपणा केला. नाच सुटला त्याचं मी एक वेळ गिळलं असतं. दिवसभर लोकांना सोडा, सोडा म्हणत असते मी. हे मात्र मी सोडणार नाही.

सर : बरं, चुकलं माझं. झालं? ठेव हात.

शिक्षिका : इथे नको. इथे आपण तिघंच आहोत, तेव्हा वर्ग भरलेला होता. रविवारी हॉल भरेल. माईकसमोर एवढंच म्हणा : तिचं नाटक नव्हतं, तिचा पाय मी घालवला. आत्ता नुसता शब्द द्या. दिलेला शब्द तुम्ही मोडत नाही, तेवढं तुमचं खरं आहे. शब्द दिलात की लगेच हात ठेवते.

सर : माझ्या सत्काराला? माझ्याच मुलींसमोर?

शिक्षिका : त्यातल्या कितीतरी माझ्याकडे येतात, कमरा धरून.

सर : एक अक्षर बोलणार नाही मी! काय शिकवलं होतं तुम्हाला? मोडेन, पण वाकणार नाही!

काकू : अहो, वाकलायत की.

शिक्षिका : बघा, तुम्ही आवाज चढवलात आणि माझं पोट आत गेलं. अजूनही जातं. लोकांना शिकवते मी हे, आणि माझंच मला सुटत नाही. याचा किती राग येतो मला, तुम्हाला नाही कळायचं.

सर : उठव गं मला. नको ह्यांची मेहेरबानी.

काकू : आधी कुशीवर वळा. हं, आता हात टेका. मी धरलंय.

शिक्षिका : विचार बदलला तर फोन करा. शनिवारपर्यंत आहे मी इथे.

काकू : ते नाही करायचे. मी येऊ का गं उद्या? माझ्याकडेही सोसलेलं पुष्कळ आहे.

शिक्षिका : या ना, काकू.

सर : आधी माझ्या चपला दे. अगं, पण हे बघ तरी! असा वाकून मी स्टेजवर कसा जाऊ?

शिक्षिका : तसेच जा, सर. लोकांना वाटेल, म्हातारपणी नम्र झाले.